क्षुद्र कृमि आणि जरेचें कोडें

ययाति राजाची कथा महाभारतांत आहे. शुक्राचार्यांच्या शापानें त्याला अकालीं वार्धक्य आलें. सुखोपभोगाची तृष्णा मात्र तशीच राहिली. तेव्हां त्यानें आपल्या मुलांपाशीं तारुण्याची याचना केली. थोरल्या चौघांनीं नकार दिला. धाकट्या पुरूनें आपलें तारुण्य पित्याला दिलें आणि त्याची जरा स्वतःच्या अंगावर घेतली. सहस्र वर्षें उपभोग घेऊनहि तृप्ति झाली नाहीं, तेव्हां राजाचे डोळे उघडले व त्यानें उसनें घेतलेलें तारुण्य परत केलें. कीर्तनकार या कथेचें तात्पर्य वैराग्याकडे नेतात, आणि तें योग्यच आहे. परंतु तिच्यांत आणखी एक कल्पना दडलेली आहे. वार्धक्य ही एका देहांतून काढून दुसऱ्या देहांत घालतां येण्यासारखी गोष्ट आहे, अशी ती कल्पना. कथाकाराला ती सुचली. शास्त्राला ती पटावयास मात्र फार काळ लागला.

वार्धक्य घालवून तारुण्य परत आणण्याची आकांक्षा फार जुनी आहे. अश्विनीकुमारांनीं च्यवन ऋषींना पुन्हां तरुण केलें अशी आख्यायिका आहे, आणि आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायनतंत्र हें एक स्वतंत्र अंगच मानलेलें आहे. तथापि नित्याच्या व्यवहारांत माणसानें या बाबतींत हार खाल्लेली असते. घरांतील आजोबांचे गुडघे दुखूं लागले, आजींना ऐकूं येईनासें झालें, कीं "वयच झालें आतां" एवढ्या तीन शब्दांत त्या विषयाचा निकाल लागतो. वय झालें म्हणजे शरीराच्या आंत नेमकें काय झालें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

आश्चर्य असें कीं, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत बहुतेक जीवशास्त्रज्ञांची वृत्ति याहून फारशी निराळी नव्हती. जोड्याचा तळ झिजतो, रहाटाचा दोर विरतो, त्याचप्रमाणें देहहि वापरून वापरून झिजतो. त्यांत शोधण्यासारखें काय आहे, असें त्यांना वाटे. पीटर मेदावर या शास्त्रज्ञांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत या मताला तात्त्विक पाठबळ दिलें. प्राण्याचें वय वाढूं लागलें कीं निसर्गनिवडीची त्याच्यावरील पकड सैल होत जाते. संतति होऊन गेल्यावर त्याच्या देहाची हेळसांड झाली तरी निसर्गाला त्याचें सोयरसुतक उरत नाहीं, असा त्या विचाराचा आशय. विचार खोटा नव्हता. पण त्यावरून पुष्कळांनीं असें अनुमान काढलें कीं, ज्याअर्थीं निसर्गाचें इकडे लक्ष नाहीं, त्याअर्थीं वार्धक्याला कांहीं नियंत्रणहि नाहीं.

केवळ झिजेनें मात्र सर्व उलगडा होत नाहीं. घरांतील उंदीर फार तर दोन-तीन वर्षें जगतो. जवळजवळ तेवढ्याच आकाराचीं कांहीं वटवाघुळें तीस वर्षांहूनहि अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. दोघांचें रक्त ऊन, दोघांचें मांस त्याच प्रकारच्या द्रव्यांचें; मग झिजण्याच्या वेगांत दहापट अंतर कां पडावें? हा वेग देहांत कोठेंतरी ठरत असला पाहिजे, आणि ठरत असेल तर तो बदलतांहि येत असला पाहिजे. या शंकेचा पाठपुरावा करणें हेंच ज्या विदुषींनीं आपलें जीवितकार्य मानलें, त्यांचें नांव सिंथिया केन्यन.

केन्यनबाईंचा जन्म १९५४ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत झाला. जॉर्जिया विद्यापीठांत रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांचें अध्ययन करून त्यांनीं १९८१ मध्यें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची डॉक्टरेट मिळविली, आणि मग त्या इंग्लंडांत केंब्रिज येथें सिडने ब्रेनर यांच्या हाताखालीं संशोधनासाठीं गेल्या. तेथें त्यांची ज्या प्राण्याशीं गांठ पडली, त्यानेंच पुढें त्यांच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. तो प्राणी म्हणजे मातींत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, कांचेसारखा पारदर्शक सूत्रकृमि. शास्त्रांतील त्याचें नांव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स असें लांबलचक आहे. पण नुसतें 'कृमि' म्हटलें तरी प्रयोगशाळेंत काम भागतें.

इतका क्षुद्र जीव कां निवडला, असें कोणाच्याहि मनांत येईल. उत्तर सोपें आहे. माणसाचें वार्धक्य पाहत बसावयाचें तर पाहणाऱ्याचेंच आयुष्य त्यांत संपून जाईल. हा कृमि अंड्यांतून निघाल्यापासून तीन-चार दिवसांत प्रौढ होतो, त्यानंतरच्या थोड्या दिवसांत सुमारे तीनशें पिलांना जन्म देतो, आणि दोन-तीन आठवड्यांत मरतो. एवढ्या अवकाशांत तो खरोखरच म्हातारा होतो. त्याची चाल मंदावते, स्नायु सैल पडतात, पूर्वीं जें भक्ष्य तो चपळाईनें शोधी त्याच्या शेजारीं तो निपचित पडून राहतो. त्याचें अन्न म्हणजे साधे जंतु. त्याचें घर म्हणजे कांचेच्या तबकडींत ओतलेला, खरवसाच्या वडीसारखा थिजलेला थर. त्याच्या प्रौढ देहांत, प्रजननाच्या पेशी सोडल्या तर, नेमक्या ९५९ पेशी असतात, आणि त्यांतील प्रत्येक पेशी कोणत्या पेशीपासून निपजली याची वंशावळ जॉन सल्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून लिहून काढली आहे. या कृमीच्या अभ्यासाबद्दल ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ चें नोबेल पारितोषिक मिळालें, यावरून त्याची योग्यता ध्यानांत येईल.

केन्यनबाईंनीं सांगितलेली एक आठवण या ठिकाणीं देण्यासारखी आहे. एकदां त्यांनीं कृमींची एक तबकडी उबदार पेटींत ठेवली आणि कांहीं आठवडे ती तशीच राहून गेली. त्या कृमींना संतति फारशी होत नव्हती. त्यामुळें एरवीं पिलांच्या गर्दींत हरवून जाणारे म्हातारे जीव तबकडीवर उघडे दिसत होते. त्यांचें तें जर्जर रूप पाहून प्रथम त्यांना त्या कृमींची कींव आली, आणि पाठोपाठ आपणहि याच वाटेनें चाललों आहोंत या जाणिवेनें स्वतःचीहि आली. मग त्यांच्या मनांत प्रश्न उभा राहिला: ही अवस्था आणणारें कांहीं जनुक तर नसेल? एका विसरलेल्या तबकडीनें असा प्रश्न हातीं दिला.

१९८६ मध्यें केन्यनबाई सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत रुजू झाल्या. कांहीं वर्षांनीं त्यांनीं वार्धक्याचा विषय हातीं घेतला, तेव्हां त्यांना उत्तेजन देणारे थोडे आणि परावृत्त करणारेच पुष्कळ भेटले. होतकरू विद्यार्थ्यांना या कामांत भविष्य दिसेना. तथापि त्यांच्यापूर्वीं या वाटेनें कोणीच गेलें नव्हतें असें नाहीं. मायकेल क्लास यांना १९८३ मध्यें दीर्घायुषी कृमींचे कांहीं वाण आढळले होते, आणि १९८८ मध्यें डेव्हिड फ्रीडमन व थॉमस जॉन्सन यांनीं त्यामागील एका जनुकाला 'एज-१' असें नांव दिलें होतें. पण अन्न कमी खाल्ल्यामुळें किंवा संतति कमी झाल्यामुळें हें आयुष्य वाढलें असावें, असें म्हणून पुष्कळांनीं तो शोध बाजूला सारला होता.

केन्यनबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'डॅफ-२' नांवाच्या जनुकाकडे लक्ष वळविलें. हें जनुक दुसऱ्याच एका कारणासाठीं ठाऊक होतें. कृमीच्या बाल्यावस्थेंत अन्नाची टंचाई पडली किंवा गर्दी फार झाली, तर तो पुढें वाढत नाहीं; बेडूक उन्हाळ्यांत जमिनींत दडी मारून बसतो त्याप्रमाणें तो एका निद्रिस्त, चिवट अवस्थेंत शिरतो आणि कांहीं न खातां महिनेच्या महिने तग धरतो. सुकाळ आला कीं पुन्हां वाढूं लागतो. या निद्रिस्त अवस्थेचें दार उघडणें-लावणें 'डॅफ-२' कडे असतें. ज्या कृमींत हें जनुक किंचित् दुबळें झालें आहे, अशांना केन्यनबाईंनीं थंड वातावरणांत बाल्यावस्थेंतून पार होऊं दिलें. ते निद्रिस्त झाले नाहींत. धडधाकट प्रौढ झाले, हिंडूं फिरूं लागले. आणि मग त्यांच्या बरोबरीचे सामान्य कृमि मरून गेले तरी हे जिवंतच राहिले. नुसते जिवंत राहिले नाहींत, तर चळवळ करीत राहिले. त्यांचें आयुष्य सामान्य कृमींच्या दुपटीहून अधिक भरलें. १९९३ सालीं हा वृत्तांत 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती: 'डॅफ-१६' नांवाचें दुसरें जनुक काढून घेतलें, तर हें वाढीव आयुष्य नाहींसें होई. याचा अर्थ, वार्धक्याचा वेग ठरविणारी एक साखळीच देहांत आहे, आणि तिच्या दोन कड्या हातीं लागल्या आहेत.

१९९७ मध्यें बोस्टनच्या गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेनें 'डॅफ-२' ची ओळख पटविली. तें जनुक पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक बसवितें, आणि तो ग्राहक मनुष्याच्या देहांतील इन्शुलिन व त्याच्या जातीचें दुसरें एक वृद्धिद्रव्य यांच्या ग्राहकांचा सगासोयरा निघाला. त्याच वर्षीं 'डॅफ-१६' हें 'फॉक्सो' नांवाच्या, मनुष्यांतहि असलेल्या जनुककुळांतलें आहे हेंहि उघड झालें. मातींतील कृमि आणि माणूस यांचें हें नातें पाहून शास्त्रज्ञ चकित झाले.

या यंत्रणेची कल्पना एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या व्यवहारावरून येईल. सुगी उत्तम झाली म्हणजे घरांत लग्नकार्यें निघतात, नवी माडी चढते. जुन्या भिंतीची भेग बुजविण्याकडे कोणाचें लक्ष नसतें. दुष्काळ आला म्हणजे नवे बेत थांबतात आणि आहे तेंच जपण्याकडे घरधनीण लक्ष देते. फाटलें तें शिवते, गळतें तें बुजविते. इन्शुलिनसारख्या द्रव्यांचा संदेश पेशीला "सुकाळ आहे" असें सांगतो. त्या वेळीं 'डॅफ-१६' पेशीच्या केंद्रकाबाहेर स्वस्थ बसून असतें. संदेश मंदावला कीं तें केंद्रकांत शिरतें आणि डागडुजी करणारीं अनेक जनुकें जागीं करतें. कांहीं विषारी द्रव्यांचा नाश करतात, कांहीं बिघडलेलीं प्रथिनें सांवरतात, कांहीं रोगजंतूंशीं सामना करतात. तेव्हां दीर्घायुष्य एकाच अमृताच्या थेंबानें येत नाहीं. शेंकडों लहान दुरुस्त्या वेळच्यावेळीं झाल्यानें येतें.

आतां मूलपेशींचा प्रश्न येतो. ज्या पेशी स्वतः कोणत्याहि एका कामाला बांधलेल्या नसतात, पण विभागून नव्या कामकरी पेशी पुरवीत राहतात, त्यांना मूलपेशी म्हणतात. 'स्टेम सेल' हें त्यांचें इंग्रजी नांव आतां वर्तमानपत्रांतूनहि परिचित झालें आहे. आपली कातडी, रक्त, आतड्याचें अस्तर हीं सारीं त्यांच्या जिवावर नवीं होत असतात. कृमीची गोष्ट निराळी आहे. त्याच्या प्रौढ देहांतील पेशी पुन्हां विभागत नाहींत. मूलपेशी असतात त्या केवळ त्याच्या जननेंद्रियांत, बीजें निर्माण करण्यासाठीं. मग या बीजाच्या मूलपेशींचा देहाच्या वार्धक्याशीं कांहीं संबंध असेल काय?

१९९९ मध्यें केन्यनबाईंच्या प्रयोगशाळेनें या प्रश्नाचें उत्तर एका अत्यंत नाजूक प्रयोगानें मिळविलें. नुकत्याच जन्मलेल्या कृमींत भावी जननेंद्रियाच्या जागीं फक्त चार पेशी असतात. मधल्या दोन पेशींपासून बीजें होतात. कडेच्या दोन पेशींपासून त्या बीजांचें घर, म्हणजे जननेंद्रियाचा बाकीचा भाग होतो. लेसरच्या सूक्ष्म किरणानें मधल्या दोनच पेशी नष्ट केल्या, तेव्हां कृमीचें आयुष्य सुमारें ६० टक्क्यांनीं वाढलें. यावर कोणी म्हणेल, यांत नवल तें काय? संतति नाहीं, म्हणून शक्ति वांचली आणि ती आयुष्याला लागली. परंतु प्रयोगाचा दुसरा भाग ऐकण्यासारखा आहे. चारहि पेशी नष्ट केल्या तेव्हां कृमि तसाच निःसंतान राहिला, पण त्याचें आयुष्य मुळींच वाढलें नाहीं! म्हणजे हा शक्तीच्या जमाखर्चाचा साधा हिशेब नव्हता. बीजपेशींकडून देहाला "आवर" असा एक संदेश जात होता, आणि बीजाच्या घराकडून "टिक" असा दुसरा.

२००२ मध्यें याच प्रयोगशाळेनें पुढचें पाऊल टाकलें. बीजोत्पत्तीच्या निरनिराळ्या पायऱ्या एकेक करून बंद केल्यावर असें दिसून आलें कीं, आयुष्याला आळा घालणारा संदेश तयार अंड्यांकडून किंवा शुक्रपेशींकडून येत नाहीं. तो विभागत राहणाऱ्या मूलपेशींकडूनच येतो. कृमि प्रौढ झाल्यावर या मूलपेशी थांबविल्या तरीहि आयुष्य वाढतें. त्या थांबल्या कीं आतड्याच्या पेशींत 'डॅफ-१६' केंद्रकांत शिरतें आणि डागडुजी सुरू होते. पुढल्या वर्षीं दोन्हीं उपाय एकत्र करण्यांत आले. 'डॅफ-२' चा संदेश मंद केला आणि जननेंद्रियहि काढलें. त्या कृमींचें सरासरी आयुष्य सामान्यांच्या सहापट झालें, आणि त्यांतील पुष्कळसा काळ ते चपळ होते. देहाच्या कोपऱ्यांतील मूठभर पेशी साऱ्या देहाचा काळ मोजीत असतात, ही गोष्ट या प्रयोगांपूर्वीं कोणी सांगितली असती तर ती कादंबरींतली कल्पना वाटली असती.

कृमीचें सत्य इतर प्राण्यांना कितपत लागू पडतें, हें पाहण्यासाठीं इतर शास्त्रज्ञांनीं इतर जीव हातीं घेतले. पिकलेल्या केळ्यांभोंवतीं घिरट्या घालणारी फळमाशी सर्वांनीं पाहिली आहे. प्रौढ माशीच्या आतड्यांत मूलपेशी असतात असा शोध २००६ मध्यें अमेरिकेंतील दोन प्रयोगशाळांनीं लावला. तरुण माशींत त्या गरजेपुरत्या विभागतात. माशी म्हातारी झाली कीं त्यांचा तोल जातो; त्या भरमसाट विभागूं लागतात, अर्धवट घडलेल्या पेशींची दाटी होते आणि आतड्याचें अस्तर आपलें काम नीट करीत नाहीं. हाइनरिख यास्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें दाखविलें कीं, या पेशींतील इन्शुलिनचा किंवा तणावाचा संदेश माफक प्रमाणांत कमी केला तर त्यांचा तोल टिकतो आणि माशी अधिक जगते. येथें 'माफक' हा शब्द महत्त्वाचा आहे. मूलपेशी थोड्या झाल्या तर दुरुस्ती होत नाहीं. त्यांना आवर राहिला नाहीं तर अनर्थ होतो. मनुष्याच्या देहांत या अनर्थाचें नांव कर्करोग.

उंदरावरील प्रयोग तर ययातीच्या कथेचेंच स्मरण करून देतो. स्नायूंतील मूलपेशी म्हातारपणीं सुस्तावतात, त्यामुळें जखम लवकर भरून येत नाहीं. २००५ मध्यें स्टॅनफोर्ड विद्यापीठांत थॉमस रँडो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका म्हाताऱ्या उंदराची व एका तरुण उंदराची कातडी शिवून दोघांचें रक्त एकमेकांत खेळूं दिलें. म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूंतील मूलपेशी पुन्हां तत्परतेनें कामाला लागल्या. त्या पेशी मेलेल्या नव्हत्या; त्यांच्या सभोंवतालच्या रक्तानें त्यांना निजविलें होतें. पण पुरूचें काय झालें? २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, म्हाताऱ्याचें रक्त अंगांत खेळलेल्या तरुण उंदराच्या मेंदूंत नव्या पेशींची निपज घटली. प्राचीन कथाकारानें देणाऱ्याची किंमत विसरली नव्हती. शास्त्रालाहि ती विसरतां आली नाहीं.

गोड्या पाण्यांत राहणारा हायड्रा नांवाचा सूक्ष्म जीव या साऱ्यांत अलौकिक म्हणावा लागेल. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा होतो, हें अब्राहम ट्रेंब्ली यांनीं अठराव्या शतकांतच दाखविलें होतें. १९९८ मध्यें डॅनियल मार्टिनेझ यांनीं चार वर्षें हायड्रांवर नजर ठेवून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, त्यांच्यांत वयाबरोबर मरणाचें प्रमाण वाढत असल्याचें कांहीं चिन्ह दिसत नाहीं. त्याच्या देहाचा बराच मोठा भाग अखंड विभागणाऱ्या मूलपेशींचा असतो, आणि २०१२ मध्यें जर्मनींतील कील येथील टोमास बॉश यांच्या प्रयोगशाळेला त्या पेशींना सांभाळणारें जें जनुक सांपडलें, तें पुन्हां तेंच: 'फॉक्सो'. तेव्हां म्हातारें होणें हा प्रत्येक जीवाचा अटळ धर्म आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं.

मग दीर्घायुष्य देणारें हें रूप निसर्गानें सर्वत्र कां पसरविलें नाहीं? या प्रश्नाला २००४ मध्यें गॉर्डन लिथगो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका साध्या प्रयोगानें उत्तर दिलें. त्यांनीं 'डॅफ-२' दुबळें असलेले दीर्घायुषी कृमि आणि सामान्य कृमि सारख्या संख्येनें एकाच तबकडींत सोडले. चारच पिढ्यांत दीर्घायुषी कृमींचा मागमूस उरला नाहीं. सामान्य कृमि लवकर मरत होते, पण तारुण्यांत झपाट्यानें संतति वाढवीत होते. शर्यत त्यांनींच जिंकली. वाढीव आयुष्याची गुणवत्ताहि वादाची ठरली आहे. हे कृमि शेवटपर्यंत चपळ राहतात, असें केन्यनबाईंच्या प्रयोगांवरून वाटे. २०१५ मध्यें दुसऱ्या एका संशोधकगटानें असें मांडलें कीं, त्यांच्या वाढीव दिवसांतील बराच भाग दुबळेपणांत जातो. या वादाचें महत्त्व प्रयोगशाळेपुरतें नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची सेवा ज्या घरानें केली आहे, त्याला ठाऊक आहे कीं, नुसतीं वर्षें वाढणें आणि धडधाकट वर्षें वाढणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

माणसापुरतें पाहिलें तर निश्चित ज्ञान अजून थोडें आहे. हवाई बेटांतील जपानी वंशाच्या पुरुषांच्या पाहणींत, 'फॉक्सो-३' या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार दीर्घायुषी व्यक्तींत अधिक आढळतो असें २००८ मध्यें दिसून आलें. पुढें इतर कांहीं समाजांतहि तसेंच आढळलें. हा संबंध आहे, उपाय नव्हे. निरोगी माणसाचें आयुष्य वाढवितें असें सिद्ध झालेलें एकहि औषध नाहीं. शिवाय, इन्शुलिनचा संदेश मंद केल्यानें कृमि अधिक जगतो, हें ऐकून मधुमेह झालेल्या कोणी आपलें इन्शुलिन बंद करण्याचा विचारहि मनांत आणूं नये. त्याच्या देहांतील बिघाड वेगळा आहे, आणि त्याला तें औषध प्राणासारखें आहे.

ही सूचना अनाठायीं नाहीं, कारण जेथें शास्त्र एक पाऊल टाकतें तेथें व्यापार दहा टाकतो. अमेरिकेंत तरुणांचें रक्तद्रव म्हाताऱ्यांना विकत टोचणारीं दुकानें निघालीं. तेथील अन्न व औषध प्रशासनाला फेब्रुवारी २०१९ मध्यें, याचा कांहींहि उपयोग सिद्ध झालेला नाहीं आणि यांत धोका आहे, असें लोकांना बजावावें लागलें. आपल्या देशांतहि मूलपेशींच्या नांवानें संधिवातापासून अंधत्वापर्यंत सर्व कांहीं बरें करण्याचें आश्वासन देणाऱ्या जाहिराती झळकतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ मध्यें घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलें होतें कीं, रक्ताच्या कांहीं ठरावीक विकारांवरील मूलपेशीरोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा वापर हा अद्याप प्रयोग आहे आणि तो प्रयोगाच्या नियमांनींच झाला पाहिजे. आयुष्याची जमविलेली पुंजी घेऊन अशा दारीं उभें राहण्यापूर्वीं हें वाक्य प्रत्येक घरांत एकदां मोठ्यानें वाचलें जावें.

केन्यनबाईंनीं २००९ मध्यें आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो मात्र कोणाच्याहि खिशाला झळ लावीत नाहीं. कृमींच्या अन्नांत थोडी द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, मिसळली तेव्हां त्यांचें आयुष्य घटलें. कारण तिच्यामुळें 'डॅफ-१६' चें काम थंडावलें. कृमि म्हणजे माणूस नव्हे. तरी या अनुभवानंतर केन्यनबाईंनीं स्वतःच्या ताटांतील गोड व पिष्टमय पदार्थ कमी केले. सणासुदीच्या पक्वान्नांवर बंदी घालावी असा याचा अर्थ नाहीं. वैद्य आणि डॉक्टर साखरेविषयीं जो संयम सांगत आले आहेत, त्याला एका कृमीनें दुजोरा दिला, एवढाच आहे.

२०१४ मध्यें केन्यनबाई विद्यापीठांतील काम सोडून कॅलिको या कंपनींत वार्धक्यविषयक संशोधनाच्या प्रमुख म्हणून गेल्या. त्यांच्या शोधापासून माणसाला उपयोगी औषध निघेल कीं नाहीं, हें काळच सांगेल. पण एक गोष्ट त्यांनीं कायमची बदलली आहे. 'वयच झालें आतां' हें पूर्वीं उत्तर होतें; आतां तो प्रश्न झाला आहे. कोणत्या पेशी थकल्या, कोणता संदेश बिघडला, कोणती दुरुस्ती थांबली, असें विचारतां येऊं लागलें आहे. कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश हे निरनिराळे शत्रु वयाच्या एकाच वाटेनें घरांत शिरतात. त्या वाटेवरच पहारा बसवितां आला, तर अमरत्व न मिळतांहि पुष्कळ दुःख टळेल.

ययातीनें सहस्र वर्षें मागितलीं आणि अखेर तो असमाधानीच राहिला. सामान्य माणसाचें मागणें एवढें मोठें नसतें. नातवाचा हात धरून देवळापर्यंत चालत जातां यावें, संध्याकाळीं वर्तमानपत्र वाचतां यावें, घरांतल्या माणसांचीं नांवें शेवटपर्यंत आठवावीं, आणि कोणाला फार न शिणवितां निरोप घेतां यावा, इतकेंच तो इच्छितो. हें मागणें कोणा पुरूचें तारुण्य हिरावून न घेतां पुरें होईल काय, याचा शोध प्रयोगशाळांतून चालू आहे. त्याची सुरुवात एका विसरलेल्या तबकडींतील म्हाताऱ्या कृमींच्या दर्शनानें झाली.